डाळ घरची, कीस सराफ्यातला. मग पबात काय खायचं?

भिशीच्या ग्रुपवर चार दिवस एकच वाद चाललाय. आमच्या इंदूरात विजयनगरकडे जो नवा ‘ऑर्गॅनिक गॅस्ट्रोपब’ (सेंद्रिय जेवणाचा पब) झालाय तिथे जायचं, की नेहमीसारखं छप्पन दुकान किंवा सराफा या खाऊगल्ल्यांत खाऊन घरी यायचं? माझं तिथे दोनदा जाणं झालंय. एकदा मुलगा सुट्टीवर आला तेव्हा शनिवारी रात्री, आणि नंतर जाऊबाईंबरोबर मंगळवारी दुपारी. त्यामुळे ‘पैसे वसूल होतात का गं?’ हा प्रश्न माझ्याकडे आला. होतात; पण आपण ज्यासाठी पैसे मोजतोय असं वाटतं, त्यासाठी नाही.

शनिवारचं बिल तिघांचं साडेचार हजारांच्या घरात गेलं. त्यातली डाळ एकटी ४६० रुपयांची. ‘सेंद्रिय तूर, घाण्याचं तेल, गावरान तूप’ अशी तिची मेनूत तीन ओळींची ओळख होती. घरी येऊन मी हिशेब मांडला. माझा दुकानदार साधी तूरडाळ १४० रुपये किलो देतो, सेंद्रिय २३० ला. एका वाटीला कोरडी डाळ लागते फार तर ६० ग्रॅम. म्हणजे सेंद्रियपणाचा फरक झाला साडेपाच रुपये. तूप, तेल, मसाले सढळ हाताने धरले तरी वीस. आमच्या तिलकनगरजवळच्या बऱ्या हॉटेलात हीच डाळ २६० ला मिळते. वरच्या दोनशेतले वीस शेताचे. उरलेले एकशेऐंशी उघड्या विटांच्या भिंतीचे, जागेच्या भाड्याचे, बारच्या परवान्याचे आणि त्या डीजेचे, ज्याच्यामुळे मला मुलाचं एक वाक्य धड ऐकू आलं नाही.

हॉटेलवाल्यांचा साधारण आडाखा असा की मेनूतल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कच्च्या मालाचा खर्च असावा. म्हणजे ४६० च्या पदार्थात दीडशेचा माल हवा. डाळीत तो घालायचा म्हटला तरी कुठे घालणार? म्हणून अशा जागी डाळ, खिचडी, जिरा राइस मागवणं हा आपलाच तोटा. हे पदार्थ आपल्या घरी त्याच मालाचे आणि जास्त चांगले होतात.

याच्या उलट कडकनाथ. तो ८९० ला होता आणि माझ्या मते तोच त्या रात्रीचा सगळ्यात स्वस्त पदार्थ. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत तयार होते. कडकनाथाला पाच-सहा महिने वाढवावं लागतं, तेवढे दिवस दाणा घालावा लागतो. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर त्याचा भाव आणखीच ताठ झाला. शिवाय मांस चिवट. घरी कुकरला दहा शिट्ट्या काढून मी दोनदा फजिती करून घेतलीय. पबातल्याने तो मंद आचेवर तीन-चार तास ठेवला असणार. मांस हाडावरून सुटून येत होतं आणि रस्सा काळाभोर. तो हात आणि ती भट्टी माझ्याकडे नाही, तेव्हा त्याचे पैसे द्यायला माझी ना नाही. फक्त एक लक्षात ठेवा: कडकनाथ देशी असतो म्हणून आपोआप सेंद्रिय होत नाही. त्याला काय खाऊ घातलं, हा प्रश्न वेगळाच. मेनूत ‘देशी’, ‘गावरान’, ‘फार्म फ्रेश’ आणि ‘ऑर्गॅनिक’ हे चार शब्द एकाच ओळीत उभे करतात आणि आपण ते एकच समजतो. त्यातल्या शेवटच्याच शब्दामागे प्रमाणपत्र मागणारा कायदा आहे.

तो कायदा सोपा आहे. पाकिटबंद माल सेंद्रिय म्हणून विकायचा तर त्याला ‘एनपीओपी’ किंवा ‘पीजीएस-इंडिया’ या दोन सरकारी योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं आणि पाकिटावर सेंद्रियचं सरकारी चिन्ह (‘जैविक भारत’चं हिरवं चिन्ह त्यातलंच). हे अन्नसुरक्षेचे २०१७ चे नियम. शेतालाही एका रात्रीत सेंद्रिय म्हणता येत नाही. रासायनिक खत सोडल्यापासून हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं रूपांतराचा काळ काढावा लागतो. त्या काळात उत्पन्न घटण्याची भीती असते आणि सेंद्रियचा भावही मिळत नाही, म्हणून पुढे माल महाग विकला तर शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. छोटा शेतकरी हाटात स्वतः बसून थेट आपल्याला विकत असेल तर मात्र त्याला या पडताळणीतून सूट आहे. त्यामुळे हाटातल्या पिशवीवर चिन्ह नसलं तरी तो लबाडच असेल असं नाही. पबाला ही सूट लावून चालणार नाही, तो काही स्वतः पेरत नाही.

मंगळवारी दुपारी जागा रिकामी होती, म्हणून मी वेटरला विचारलं, पीठ कुठलं. तो बिचारा आत जाऊन पाकीटच घेऊन आला. सीहोरचा शरबती गहू, हिरवं चिन्ह, सगळं ठीक. भाज्यांचं विचारल्यावर म्हणाला, ‘आंटीजी, जो ऑर्गॅनिक मिलती है वो, बाकी मंडी से।’ मला हे उत्तर आवडलं. निदान खरं तरी होतं. पण मेनूच्या पहिल्या पानावर ‘सर्व काही सेंद्रिय’ अशा अर्थाचं ठळक वाक्य छापलंय, त्याचं काय? शिवाय जून महिना, आणि मेनूत ताज्या मटारचं सूप! आपल्या माळव्यात मटार कधी येतो ते थंडीत मटारची कचोरी खाणाऱ्या कुणालाही विचारा.

ही कल्पना ज्यांची, त्यांनी ती बरीच कडक पाळली होती. गॅस्ट्रोपब म्हणजे मुळात साध्या दारूच्या गुत्त्यात चांगला स्वयंपाकी आणून बसवणं. १९९१ साली लंडनच्या ‘द ईगल’ने ते केलं, फळ्यावर खडूने त्या दिवसाचे पदार्थ लिहून. पुढे १९९८ मध्ये गीती सिंग यांनी तिथल्याच इझलिंग्टन भागात ‘ड्यूक ऑफ केंब्रिज’ सुरू केला आणि अख्ख्या पबालाच ‘सॉइल असोसिएशन’ या ब्रिटिश संस्थेचं सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलं, बिअर आणि वाइनसुद्धा सेंद्रिय. आपल्याकडच्या या जागेत बिअरचे नळ नेहमीच्याच कंपन्यांचे आहेत. बिलाचा मोठा भाग बिअरचा असेल, तर तेवढ्या भागाचा सेंद्रियशी काही संबंध नाही.

आता सराफा. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, ती बंद झाली की रात्री त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया. दोघी मिळून चारशे रुपयांत भुट्ट्याचा (मक्याचा) कीस, खोपरा पॅटिस, दहीवडा आणि वर जिलेबी होते, आणि थंडीत तळलेल्या गराडूच्या कंदावर जिरावन मसाला टाकून लिंबू पिळला की त्याच्या तोडीचं काही त्या विटांच्या भिंतीआड मिळत नाही. चवीच्या परीक्षेत सराफा पहिला, यात मला शंका नाही. तेल कुठलं हे तिथे कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही; निदान फसवणूक तरी नाही. पण आमच्या आठ जणींपैकी तिघींचे गुडघे बोलतात. उभ्याने, गर्दीत, रात्री दहाला, हे आता होत नाही. छप्पनला बसायला थोडं बरं, पण तिथेही अर्ध्या तासात मागचा माणूस आपल्या खुर्चीकडे बघायला लागतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी ग्रुपवर कुणी लिहीत नाही. आमच्यातल्या दोघींना बिअर प्यायला आवडते (हे लिहिल्याबद्दल मला बोलणी बसणार). मध्य प्रदेशात एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, बंद झाले. ते असतानाही बायकांनी तिथे जायची सोय नव्हतीच. हॉटेलांच्या बारमध्ये पुरुषांची टेबलं वळून वळून बघतात. पबात मात्र सत्तावन्न वर्षांच्या दोन बायका दुपारी ग्लास समोर ठेवून अडीच तास बसल्या आणि कुणी मान वर करून पाहिलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, ‘वहिनी, हे डाळीचे पैसे नाहीत, हे खुर्चीचे पैसे आहेत.’ दुपारचं आमचं बिल दोघींचं १,७०० झालं, आणि ते मला टोचलं नाही.

बिलात दोन गोष्टी बघा. जेवणावर ५ टक्के जीएसटी बरोबर. बिअरवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, म्हणून ती वेगळी ओळ दिसेल. दहा टक्के सर्व्हिस चार्ज मात्र आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. शनिवारी आम्ही न बघता भरला. मंगळवारी मी काढायला सांगितला, काढला. वेटरला हातात शंभर रुपये दिले.

ज्यांना खरोखर सेंद्रिय खायचंय, तब्येतीसाठी किंवा मनासाठी, त्यांनी पबात महिन्यातून एकदा जाऊन काही साधणार नाही. शनिवारच्या त्या एका बिलात माझ्या घरी दोन महिन्यांचा शरबती गहू, तूरडाळ आणि गूळ येतो, तोही चिन्ह बघून घेतलेला.

तर या महिन्याची भिशी माझ्याकडे आहे आणि मी पबच सांगितलाय. मंगळवार, दीड वाजता, आठ जणी, खालचा मजला, स्पीकरपासून लांबचं टेबल. ज्या मांसाहार करत नाहीत त्यांच्यासाठी भट्टीतला पाव आणि भाजलेल्या बिटाची कोशिंबीर, बाकीच्यांना कडकनाथ. डाळ कुणीही मागवायची नाही, हे ग्रुपवर टाकलंय. त्यावर एकीचं उत्तर आलं, ‘मग मी घरून डब्यात आणू का?’