पुण्याहून विमानाने गोवा: तिकिटावर जीओएक्स आहे की जीओआय, ते आधी पाहा

लोहगावहून गोव्याचं उड्डाण जेमतेम तासाभराचं. सुट्टीचा अर्धा दिवस वाचतो की वाया जातो, हे त्या तासावर नाही, उतरण्याच्या विमानतळावर ठरतं. जीओएक्स म्हणजे उत्तरेला पेडणे तालुक्यातलं मोपा, मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. जीओआय म्हणजे वास्कोजवळचं दाबोळी. तिकीट शोधताना दोन्ही ‘गोवा’ म्हणूनच दिसतात आणि स्वस्त पर्याय वर येतो. जाताना एक, येताना दुसरं असं तिकीट सहज निघतं. मग परतीच्या दिवशी टॅक्सी भलत्याच टोकाला पोचते. दोघांमधलं अंतर साठ किलोमीटरच्या पुढे आहे, तेव्हा विमान चुकलंच म्हणून समजा.

मोपा ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानांसाठी सुरू आहे. इमारत प्रशस्त आहे आणि विमानतळ पूर्णपणे नागरी आहे. दाबोळी नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे. तिथे सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असल्याने प्रवासी उड्डाणं उरलेल्या वेळात दाटतात. सोयीच्या बाबतीत मोपा सरस, यात शंका नाही. पण मुक्काम कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय त्या सोयीला अर्थ नाही.

हरमल, मोरजी, म्हापसा, कळंगुट या बाजूला राहायचं असेल तर डोळे मिटून मोपा घ्या. धारगळजवळ महामार्ग ६६ ला जोडणारा रस्ता झाल्यापासून बाहेर पडणं सोपं झालंय. सावंतवाडी इथून वीसेक किलोमीटरवर आहे, म्हणजे तळकोकणात जाणाऱ्यांसाठीही हेच सोयीचं. पणजी साधारण ३५ किलोमीटर. दाबोळीहून थोडं जवळ पडतं, पण फरक किरकोळ.

दक्षिणेचं गणित वेगळं. मोपाहून मडगाव ६५ किलोमीटरच्या आसपास, काणकोणातलं पाळोळे शंभरेक. वाटेत पर्वरीचा पट्टा संध्याकाळी तुंबतो. जुवारीवरचा नवा पूल झाल्यामुळे तिथली जुनी कोंडी सुटली, तरी काणकोणपर्यंत अडीच तास धरावेच लागतात. कोथरूडहून लोहगावला पोचायचा दीड तास, विमानतळावरचे दोन, उड्डाणाचा एक, सामानाची वाट पाहणं आणि वर हे अडीच: सात-साडेसात तास झाले. दाबोळीहून पाळोळे साठेक किलोमीटर. दक्षिण गोव्यासाठी दाबोळीचं तिकीट हजार रुपयांनी महाग असलं तरी तेच काढावं. तो फरक टॅक्सीच्या भाड्यातच भरून निघतो.

टॅक्सीचं आधी ठरवून ठेवा. ओला, उबर गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्सचं अ‍ॅप पुण्यातच मोबाइलवर घ्या, नाहीतर आगमन कक्षातल्या प्रीपेड काउंटरवर पावती करा. एकट्यादुकट्याला कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, बस सर्वांत स्वस्त; मात्र रात्री उशिरा उतरणाऱ्यांनी तिच्या भरवशावर राहू नये. स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेणार असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे. पोलिसांनी अडवलं तर खोळंबा तुमचाच.

विमान कोणतं आहे हेही पाहा. छोटं, पंख्यांचं एटीआर असेल तर सामानाचे वरचे कप्पे लहान असतात. मोठी ट्रॉली त्यात मावत नाही, ती खाली द्यावी लागते. यात प्रवासी मागच्या दाराने चढतात-उतरतात, त्यामुळे शेवटच्या रांगांतले आधी बाहेर पडतात. पंख्यांचा आवाजही मागे कमी येतो. पंख वरच्या बाजूला असल्याने खिडकीतून खालचं सगळं दिसतं. जाताना उजवीकडची खिडकी मागा. हवा स्वच्छ असेल तर किनारा त्याच बाजूला दिसतो.

पावसाळ्यात मोपाच्या पठारावर ढग खाली उतरतात. जून ते सप्टेंबर उतरल्यानंतर लगेच दुसरी रेल्वे किंवा बस पकडायचा बेत आखू नका, मध्ये तीन तास तरी मोकळे ठेवा.

परतताना फेणी केबिनच्या बॅगेत चालत नाही. बाटल्या सीलबंद हव्यात आणि चेक-इन सामानात माणशी जास्तीत जास्त ५ लिटर. सुकं खोबरं मात्र चेक-इनमध्ये घेत नाहीत. काजू खुशाल आणा. सामान चेक-इन करायचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. लोहगावला उतरल्यावर अ‍ॅपची कॅब दारात येत नाही, विमानतळाच्या आवारातल्या एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीपर्यंत जावं लागतं. सोबत वृद्ध असतील तर ती पंधरा-वीस मिनिटं धरूनच घरच्यांना वेळ सांगा.