छर्‍याची बंदूक आणि मागच्या अंगणातल्या घुशी: नऊ महिने वापरल्यानंतर

दिवाळी संपल्यावर घेतली, आता श्रावण लागलाय, म्हणजे नऊ महिने ही एअरगन, हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, घरात आहे. घेतल्या घेतल्या लिहिणार होतो पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. आता हिशेब देता येतो. ५०० छर्‍यांचे तीन डबे संपले, चौथा अर्ध्यावर आलाय, आणि एवढ्यात घुशी मेल्या किती, तर चार. त्यातली एक कशी मेली ते खाली सांगतो, ती धरायची की नाही तुम्हीच ठरवा.

आमचं दहिसरला गावठाणात बैठं घर आहे, मागे ओटा आणि ओट्यापुढे बारा-तेरा मीटरचं अंगण. अळू, केळी, दोन पपया, मिरच्या, पावसाळ्यात भिंतीवर पडवळ. घुशी आधीपासून होत्याच, पण शेजारचं घर पाडून तिथे खोदकाम सुरू झालं तेव्हापासून तिकडच्या सगळ्या आमच्याकडे राहायला आल्या. सकाळी बघावं तर बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, चहाच्या टोपाएवढा, आणि अळू आडवं पडलेलं, खालचा गड्डा गायब. ज्यांनी घूस बघितली नसेल त्यांना सांगतो, हा नुसता मोठा उंदीर नव्हे, चांगली पोसलेली असेल तर किलोपर्यंत भरते आणि मांजर तिला बघून रस्ता बदलतं. इंग्रजीतलं बँडिकूट हे नाव तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून आलंय, म्हणजे डुक्कर-उंदीर, आणि तिची उकरायची पद्धत बघितली की नाव कोणी ठेवलं असेल त्याला दाद द्यावीशी वाटते. अळवाचं एक वेळ सोडा, ओट्याखालची माती पोकळ करत होत्या ती खरी डोकेदुखी.

औषध घालायचं नाही हे घरात ठरलेलं. एक तर गल्लीतली मांजरं, दुसरं म्हणजे समोरच्या ताडावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे, औषध खाल्लेला उंदीर त्यांनी उचलला की ती पण जातात. तर म्हटलं बंदूक.

घेताना कटकट काही नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पॉइंट १७७ इंच म्हणजे ४.५ एमएमचं बोअर, म्हणजे नळीचं भोक, आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर लायसन्स लागत नाही, पॉइंट २२ घ्यायची तर लागतं. दुकानदाराने आधारची झेरॉक्स घेतली, रजिस्टरमध्ये सही घेतली, बस. साडेनऊ हजारांची स्प्रिंगवाली घेतली, नळी खाली वाकवून एकेक छर्रा भरायची ती. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने गेला तर होतात १० ज्यूल, माझी साधारण तिथेच असावी. ऐकायला काहीच नाही वाटत, पण हे खेळणं नाहीये, छर्रा चुकला तर लांब जाऊन पण डोळा फोडू शकतो.

सुरुवातीचे दोन-तीनशे छर्रे नळीतून धूर येत होता, मी घाबरलो, पण ते आत राहिलेलं फॅक्टरीचं तेल दाबाने जळत असतं, हळूहळू कमी होतं. म्हणून आत भसाभस तेल सोडू नका. आणि छर्रा न भरता नुसता घोडा कधीच ओढायचा नाही, पिस्टन पुढे जाऊन आपटतो आणि स्प्रिंगची वाट लागते, माझ्या भाच्याने दोनदा तेच केलं, आता त्याला हात लावायची परवानगी नाही. धरायची पद्धत पण उलटी आहे, घट्ट आवळून धरली की छर्रा भलतीकडे, डाव्या तळव्यावर नुसती टेकवून सैल धरली की तीच बंदूक आठ मीटरवर रुपयाच्या नाण्यात तीन छर्रे घालते. स्प्रिंगचा धक्का आधी मागे मग पुढे असा दोन्हीकडे बसतो, त्यात स्वस्तातली दुर्बीण टिकत नाही, माझी पहिली महिन्याभरात हलायला लागली. आता नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या खुणेवर, नेम धरतो, काही बिघडत नाही.

आता महत्त्वाचं. पहिल्याच आठवड्यात मी पत्र्याचा डबा मागच्या काँक्रीटच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि ओट्यावरून मारला. छर्रा डब्यातून आरपार, भिंतीवर आपटून परत, आणि ओट्यावरच्या स्टीलच्या कळशीवर टण्ण. कळशी माझ्या गुडघ्यापासून हातभर. पोचा अजून आहे, आई मुद्दाम तीच कळशी वापरते. त्या दिवसापासून चष्मा, आणि भिंतीपुढे वाळूची सहा पोती. उजवीकडे चार मजली बिल्डिंग, डावीकडे खोदकामाची माणसं, मागच्या भिंतीपलीकडे वाट, म्हणजे एवढ्या अंगणात बंदुकीला दिशा मिळाली एकच, ओट्यावरून खाली जमिनीकडे आणि मागे पोती. घूस त्या पट्ट्यात आली तर मारायची, नाहीतर बघत बसायचं. पपईवर बसलेलं काहीही, भिंतीवर बसलेलं काहीही, विषयच नाही, त्याच्या मागे कोणाची तरी खिडकी असतेच. जाहिरातीत एकराच्या बागेत उभा असलेला माणूस दाखवतात, त्याचं ठीक आहे.

तरी बिल्डिंगमधल्या एका काकांनी चौकीत फोन केलाच. हवालदार आले, बिल आणि खोक्यावरचं बोअर-ज्यूल बघितलं, म्हणाले ठीक आहे पण लोकांना दिसेल असं घेऊन बसत जाऊ नका. बरोबरच होतं त्यांचं. बिलाचं लॅमिनेशन करून ठेवलंय.

पहिल्या तीन घुशी डिसेंबर ते मार्चमध्ये गेल्या. रात्री साडेदहानंतर, टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर, बिळापासून दोन हातांवर सुक्या बोंबलाचं डोकं, आणि मग नुसतं बसायचं. एका घुशीमागे चार-पाच रात्री. छर्रा डोक्यातच बसला पाहिजे, डोळा आणि कान यांच्या मधे, या ताकदीच्या बंदुकीने अंगावर मारून उपयोग नाही. हे मला माहीत होतं. माहीत असून जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेलेला, घूस तिरकी बसलेली, मी पाच रात्रींचा कंटाळलेला, मारला. खांद्याच्या मागे बसला. ती ओरडली, तो आवाज लिहून सांगता येणार नाही, आणि फरपटत बिळात गेली.

चौथ्या दिवशी वास. ओट्याच्या खालून, आणि ओट्याची भिंत म्हणजे देवघराची भिंत. उदबत्त्या, कापूर, फिनाईल, सगळं झालं, दमट हवेत वास बसूनच राहिला. नवव्या दिवशी दोन शहाबादी फरश्या उचलून तिला काढली, हातात जाड ग्लोव्ह्ज, तोंडाला रुमाल, कारण पावसाळ्यात उंदीर-घुशीच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो आणि खाली सगळा चिखल. आई देवघराच्या दारात उभी. "बंदूक घूस मारायला आणलीस की घर फोडायला?" बोलण्यासारखं काही नव्हतं. त्या घुशीला मरायला किती वेळ लागला असेल ते डोक्यातून जात नाही. तेव्हापासून जनावरावर बंदूक उचललेली नाही.

घुशी आटोक्यात आल्या त्या नंतर, आणि त्यात बंदुकीचं काही नाही. फरश्या उचललेल्याच होत्या तर बिळांत फुटक्या काचा घालून सिमेंट ओतलं, ओट्याच्या कडेने दीड फूट चर खणून अर्ध्या इंची वेल्डेड जाळी पुरली, अळवाच्या वाफ्याखाली पण तीच. पिंजर्‍यात दोन सापडल्या. महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक असतात, काठी आणि टॉर्च घेऊन फिरणारे, त्यांना रात्रीत ३० उंदरांचं टार्गेट असतं, त्यातले एक भेटले त्यांनी बिळं बघून पाच मिनिटांत सांगितलं की येण्याजाण्याचं मुख्य भोक गटाराच्या चेंबरपाशी आहे. मी इतके महिने अंगणात बघत बसलो होतो. चेंबरचं झाकण बदललं, ४०० रुपये.

बाकी प्राणी-पक्ष्यांबद्दल विचारतात म्हणून लिहितो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पाचवी अनुसूची होती, कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर वगैरे त्यात उपद्रवी म्हणून होते, म्हणजे मारले तरी चालायचे, २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका. आणि कावळा मारून पितृपक्षात पान कोणाला ठेवणार, आमच्या घरात तर मलाच बाहेर ठेवतील. मोठ्या गोगलगायी हा पावसाळ्यातला दुसरा ताप, त्या बादलीत मिठाचं पाणी घेऊन हाताने वेचायच्या, ग्लोव्ह्ज घालून.

बंदूक म्हणून बंदूक चांगली आहे, तक्रार एकच, गंज. मुंबईच्या हवेत पावसाळ्यात दर चार दिवसांनी नळी बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसावी लागते, फोमच्या कव्हरमध्ये ठेवली तर आठवड्यात तांबडे ठिपके येतात. कपाटात उघडी ठेवा, सिलिका जेलची पाकिटं टाका, कुलूप लावा. छर्रे शिशाचे, हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, तसेच चहाला बसायचं नाही. विकणार नाहीये. रविवारी सकाळी पोत्यांवर कागद लावून पन्नास छर्रे मारतो, आठच मीटरवर, ऑलिंपिकवाले दहा मीटरवरून मारतात, बोअर तेच ४.५ चं.

परवा मागच्या आळीतल्या काकू आल्या होत्या, त्यांच्या चिकूवर रात्री वटवाघळं येतात, म्हणाल्या तुझ्याकडे ती बंदूक आहे ना, येतोस का जरा. पडवळावर घातलेल्या नायलॉनच्या जाळीचा तुकडा उरला होता, तो शिडीवर चढून चिकूला बांधून आलो. चार चिकू मिळाले, अजून पिकायचेत.