एआयला आमची चवथ आधी सांगावी लागते: डिचोलीच्या डीटीपी दुकानातून सहा महिन्यांचा रिव्ह्यू

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेच्या नाटकांची हँडबिलं, पंचायतीचे अर्ज, श्रद्धांजलीच्या जाहिराती, वाढदिवसाचे बॅनर, जे येईल ते करते. गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर एक एआय लिहायचं टूल पैसे भरून घेतलं, महिन्याला दोन हजाराच्या आसपास जातात, आणि आता शिगमो, म्हणजे आमचा होळीचा सण, आला तरी रोज कुणीतरी दुकानात येऊन विचारतंच की घेऊ का गो, मराठी येतं का त्याला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. टूलचं नाव घालत नाही, कारण त्याआधी दोन फुकटवाली वापरून बघितली होती आणि खाली जे लिहिलंय ते तिन्हींना सारखंच लागू पडलं.

मराठी येतं. चांगलं येतं. ऱ्हस्व-दीर्घ तर माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांपेक्षा नक्कीच बरं. पण त्याला येतं ते पुण्या-मुंबईचं मराठी, तुम्ही गोव्यात बसून टाइप करताय हे सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही, आणि सगळी गंमत किंवा सगळा त्रास त्या सांगण्यातच आहे.

पहिलं काम आलं ते एका वाड्यावरच्या घुमट आरती स्पर्धेच्या पत्रिकेचं. मी घाईत टाइप केलं, "गणेश चतुर्थीनिमित्त आरती स्पर्धा आहे, छान प्रस्तावना लिही." दहा सेकंदांत पानभर मजकूर आला, ढोल-ताशांचा गजर, लेझीम, भव्य मंडप, उकडीचे मोदक, शेवटी बाप्पा मोरया. मंडळाचे एक काका समोर बसलेले, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "हें आमचें न्हय गो बाय, हें पुण्याचें." खरंच होतं. आमची चवथ घरातली, वर माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळांची चौकट, बांधलेली, नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, चिबूड, निरफणस, रानातनं आणलेली कांगणां, ताटात नेवऱ्या आणि खतखतं, आणि रात्री घुमटाच्या आरत्या. यातलं एक अक्षर नव्हतं त्यात. मला मनापासून वाईट वाटलं, कारण ही पत्रिका घराघरात जाते आणि लोक ती वर्षभर देव्हाऱ्याजवळ ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी बसून नीट लिहिलं. तो प्रॉम्प्ट, म्हणजे टूलला दिलेली सूचना, अजून जपून ठेवलाय, देतेच इथे:

"डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर घुमट आरतीची स्पर्धा आहे. पत्रिकेच्या पहिल्या पानावर छापायला आठ ओळी लिही. वाचणारे गावातलेच, बरेचसे साठीच्या पुढचे, त्यांना चवथ म्हणजे काय हे समजावू नकोस. वाद्यं घुमट, शामेळ आणि कासाळें एवढीच, ढोल-ताशा नाही. घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे म्हणून आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. यापलीकडची माहिती स्वतःहून घालू नकोस. खाली आमच्या जुन्या पत्रिकेतला एक परिच्छेद देतेय, बोलण्याची ढब तशी ठेव."

आणि खाली काकांनीच कधीतरी हाताने लिहिलेला जुना परिच्छेद पेस्ट केला. आलेल्या आठ ओळींतल्या सहा जशाच्या तशा छापल्या, दोन मी बदलल्या. काकांनी वाचलं आणि काही न बोलता खाली सही केली.

हे असं का होतं ते माझ्या मुलाने समजावलं आणि ते समजल्यावर माझं काम खूप सोपं झालं. हे टूल आपल्यासारखं आठवून लिहीत नाही, वाचलेल्या ढीगभर मजकुरावरनं या शब्दानंतर बहुतेक कुठला शब्द येईल असं करत करत पुढे जातं, आणि नेटवर मराठीत गणपतीबद्दल जे आहे ते बहुतेक महाराष्ट्रातलं, मग गणपती म्हटलं की मोदक आणि ढोल येणारच. आपण घुमट, शामेळ, नेवऱ्या हे शब्द आधीच समोर मांडले की त्याची वाट बदलते. म्हणून "छान", "प्रभावी", "मनाला भिडणारं" असले शब्द प्रॉम्प्टमध्ये घालू नका, त्याने "समृद्ध वारसा" आणि "ही केवळ स्पर्धा नाही तर एक सोहळा आहे" असलं पाणी घातलेलं मराठी येतं. मला हवी ती ढब शंभर विशेषणांनी सांगता आली नाही, जुन्या पत्रिकेतल्या पाच ओळींनी सांगितली. नमुना द्या, हे मी प्रत्येकाला सांगते.

अर्जांचं वेगळंच. एका मुलाला जमिनीच्या कामासाठी अर्ज हवा होता, टूलने सुंदर अर्ज लिहिला, वर "माननीय तहसीलदार" आणि सोबत जोडलेली कागदपत्रं म्हणून "सातबारा उतारा". आता आमच्याकडे मामलेदार आणि फॉर्म एक-चौदा, सातबारा इथे कोण देणार? पंचायतीच्या अर्जात ग्रामसेवक येतो, इथे पंचायतीचा सचिव असतो. प्रिंट काढताना लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर तो मुलगा तसाच कागद घेऊन गेला असता आणि एक दिवस फुकट गेला असता. तेव्हापासून माझ्याकडे एक नोट सेव्ह करून ठेवलीय, गोव्याचे कार्यालयीन शब्द, मामलेदार, एक-चौदा, पंचायत सचिव, कुळ, मुंडकार, आणि अर्ज करायचा झाला की ती नोट आधी पेस्ट, मग काम. एवढ्या एका सवयीने माझा रोजचा अर्धा तास वाचतो.

आता जी तक्रार मला सगळ्यात मोठी वाटते ती. जत्रेच्या नाटकाचं हँडबिल करत होते, आमच्याकडे जत्रेला गावातलीच पोरं मराठी नाटक बसवतात हे तुम्हाला माहीतच आहे, आणि मला कलाकारांची यादी संध्याकाळी मिळणार होती. मी म्हटलं तोवर मजकूर तयार ठेवू. टूलने दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, सगळ्यांसमोर नावं घालून दिली, अगदी गोव्यातली वाटतील अशी आडनावं, एकही माणूस खरा नाही. हे फार धोक्याचं आहे, कारण खोटं नाव खऱ्यासारखंच दिसतं आणि रात्री अकरा वाजता प्रूफ बघणाऱ्याच्या डोळ्यांतनं सुटू शकतं. गावात हँडबिलावर नाव चुकलं तर ते दहा वर्षं काढतात. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे प्रत्येक प्रॉम्प्टच्या शेवटी एक ओळ: "नाव, तारीख, वेळ, रक्कम मी दिली नसेल तर स्वतः घालू नकोस, तिथे 'विचारायचं' असं लिहून ठेव." नुसतं "खोटं लिहू नकोस" म्हणून फारसा फरक पडत नाही, पण त्याऐवजी काय लिहायचं ते सांगितलं की बहुतेक वेळा ऐकतं. तरी मी प्रूफ स्वतः वाचतेच, मोठ्याने.

शब्द मोजण्यात कच्चं आहे. पेपरवाले श्रद्धांजलीला जागेप्रमाणे पैसे घेतात, "चाळीस शब्दांत" म्हटलं तर साठ येतात, त्यापेक्षा "चार छोटी वाक्यं" सांगा. एकाच चॅटमध्ये सकाळपासून लग्न, बारसं, श्रद्धांजली सगळं केलं तर एकाची छाया दुसऱ्यावर पडते, नवं काम नव्या चॅटमध्ये. फुकटवाल्यांत मराठीला लिमिट लवकर लागते असं वाटतं ते खरं आहे, टूल मजकूर छोट्या तुकड्यांत मोडून मोजतं आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. कोकणी शब्द जास्त घातले तर मधेच कोकणीत शिरतं, तेव्हा "वाक्यं मराठीच, फक्त हे पाच शब्द जसेच्या तसे" असं स्पष्ट लिहावं लागतं. आणि गिऱ्हाइकाचा आधार नंबर, फोन नंबर त्यात कधीच टाकू नका, ते मी शेवटी कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, हाताने घालते.

पाचापैकी मी साडेतीन देईन. अर्धा नावं रचण्यासाठी कापला, एक आमच्या गोव्याबद्दल त्याला इतकं कमी माहीत आहे म्हणून. ज्याला महिन्यातनं एकदा अर्ज लिहायचाय त्याने पैसे भरू नयेत, फुकटवालं पुरे, फक्त वर सांगितलं तसं नीट सांगून लिहून घ्या. माझ्यासारखं रोज पाच-सात मजकूर करणाऱ्यांनी घ्यावं, पैसे वसूल होतात.

काल शिगम्याच्या चित्ररथाचं काम आलं. प्रॉम्प्ट लिहायला पंधरा मिनिटं लागली, रोमटामेळ (शिगम्याची मिरवणूक) म्हणजे काय, कुठल्या वाड्याचा कुठला मान, गेल्या वर्षीचा मजकूर, सगळं घातलं. आज दुपारी मंडळाची पोरं प्रूफ बघायला येतायत, तीन जागी "विचारायचं" लिहिलंय, ते त्यांच्याकडून भरून घेणार आणि संध्याकाळी फ्लेक्स मशीनला लावणार.