‘सालोर चुवल’ म्हणून इस्तंबूलमध्ये माझे २,०७,४२७ रुपये लुबाडले

जुनं तुर्कमेन (मध्य आशियातल्या टोळ्यांचं) विणकाम घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. इस्तंबूलच्या ग्रँड बाजारातल्या एका दुकानदाराने मला २,४०० डॉलरला चुवल विकला. चुवल म्हणजे तंबूत कपडेलत्ते ठेवायच्या मोठ्या पिशवीचा दर्शनी भाग. ‘सालोर टोळीचा, १८५० च्या आधीचा’ म्हणाला. कार्डावर १,९९,२०० रुपये, परकी चलनाचं शुल्क ६,९७२, त्यावर जीएसटी १,२५५. निघाला नवा माल, तोही लोकरीऐवजी सुती ताण्यावर (उभ्या दोऱ्यांवर) विणलेला.

मी डोळे मिटून घेतला नव्हता. पैठणीचा पदरसुद्धा मी उलटून बघितल्याशिवाय घेत नाही. इथेही उलटायला गेले, तर मागे जाड अस्तर शिवलेलं. चार टाके उसवा म्हटलं, तर ‘जुनी लोकर आहे मॅडम, फाटेल.’ तिथेच उठायला हवं होतं! टोळी ओळखायची ती पाठीवरून आणि गाठीवरून. खरा माल असेल तर विकणारा आधी पाठ दाखवतो. सालोरची गाठ असममित (लोकर ताण्याच्या एकाच दोऱ्याला पूर्ण वेढा घेते, शेजारच्याच्या नुसती मागून जाते), बहुधा डावीकडे उघडणारी. टेक्के या दुसऱ्या तुर्कमेन टोळीची बहुतेक उजवीकडे. सारिक ही तिसरी टोळी सहसा सममित गाठ (दोन्ही दोऱ्यांना सारखा वेढा) बांधे. नुसत्या गुलाच्या (टोळीची खूण असलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या फुलासारख्या आकृतीच्या) नक्षीवर जाऊ नका. एकोणिसाव्या शतकात सालोरांचा पाडाव झाला आणि त्यांचं गुल टेक्के-सारिकही विणू लागले. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक असणार, म्हणून तो गुल सोडून दुसरं काही बोलेचना. पण तुर्कमेनांच्या मेर्व शहरापासून १८८१ च्या गोक-टेपेच्या लढाईपर्यंतचा (तिथे रशियाने टेक्केंना हरवलं) इतिहास तोंडपाठ सांगणाऱ्यावर कुणाचाही विश्वास बसेल.

तुर्कस्तानातून शंभर वर्षांवरचा गालिचा बाहेर न्यायला संग्रहालयाचा दाखला लागतो. विचारलं, तर ‘एवढ्याशा तुकड्याला नाही लागत.’ चुवल खरोखर जुना असता तर विमानतळावर मीच अडकले असते!

घरी अस्तर उसवलं. पाठ ज्योतीने भाजून गुळगुळीत केलेली, बोटाला काजळी लागली. लव फाकवली तर टोकं विटकरी-राखाडी आणि मुळाशी झगझगीत गुलाबी. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा रंग असा उडत नाही. हा ॲनिलीनचा, म्हणजे कृत्रिम रंग. तसला पहिला रंगच पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये शोधला, मग हा १८५० च्या आधीचा कसा? कडेला निघालेला ताण्याचा एक दोरा पेटवला. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. याला जळक्या कागदाचा आला, म्हणजे सूत. सोबत ‘कार्बन चाचणी’चा शिक्का मारलेला कागद दिला होता. असला कागद कुणी पुढे केला तर सरळ परत करा: साधारण १६५० नंतरच्या विणकामाचं नेमकं वय ती चाचणी सांगूच शकत नाही.

यापुढचा संताप वेगळाच. पोलीस ठाण्यात म्हणाले, गुन्हा परदेशात घडलाय, तिकडेच तक्रार करा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही दुकानात उभं राहून कार्ड घासलंत, हा आमचा विषय नाही. तिकडच्या पर्यटन पोलिसांना फोटोंसकट मेल केली, साधी पोचही नाही. म्हणजे दोन लाख गेलेल्या बाईने जायचं कुठे? सगळ्यात निगरगट्ट बँक. पावतीवर ‘गालिचा, १ नग’ एवढंच आहे आणि गालिचा तुम्हाला मिळालाय, असं कळवून त्यांनी दावा बंद केला. पावतीवर टोळी, काळ आणि ‘लोकरीचा ताणा’ लिहून, सही घेतल्याशिवाय कार्ड काढू नका. बँकेच्या त्या उत्तराविरुद्ध मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. कुणाला असा दावा जिंकता आला असेल तर कागदपत्रं कोणती लावली ते कळवा.