'काळ्या इतिहासा'ची फेरी: एका रिटायर्ड कंडक्टरचा अभिप्राय

सत्तावीस वर्षं कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत, कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी पणजी-फोंडा लायनीवर. गांधी सर्कलला दिवसातून आठ वेळा "ओल्ड गोवा उतरा" म्हणून ओरडलो, पण स्वतः तिथे धड कधी उतरलो नाही. म्हणून मुलीने वाढदिवसाला ह्या फेरीचं बुकिंग करून दिलं. गोव्यातले गाजलेले गुन्हे आणि अत्याचार, मराठीतून, सकाळी आठ ते दुपारी दोन, माणशी अठराशे रुपये, जेवण धरून. चालवणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. पोरगा तिशीच्या आतला आहे, मेहनती आहे, आणि माझ्या तक्रारी दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

व्हॅनमध्ये आम्ही अकरा जण. (बसल्या बसल्या मोजले. ही खोड आता जायची नाही.) कोल्हापूरचं एक मोठं कुटुंब, पुण्याच्या दोन मुली, एक डॉक्टर जोडपं आणि मी. गाडी वेळेवर सुटली, एसी व्यवस्थित चालला. गाडीचं एवढं पुरे.

पहिला थांबा हातकातरो खांब. हायवेला लागून उभा असलेला हा काळा दगडी खांब मी खिडकीतून हजारो वेळा पाहिला असेल. ह्याला बांधून लोकांचे हात तोडायचे, असं आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. पोर्तुगीज अमलात गुन्हेगारांना चारचौघांत शिक्षा द्यायचे खांब असायचे, त्यातला हा एक. पोराने इथे आवाज खोल करून "किंकाळ्या अजून ऐकू येतात" वगैरे सुरू केलं. मला फक्त ट्रक ऐकू येत होते.

मग सै कॅथेड्रलच्या बाजूच्या मोकळ्या जागेत आलो. इथे थोरलें घर होतं, म्हणजे इन्क्विझिशनचा वाडा. मूळचा आदिलशहाचा. ख्रिस्ती धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप असलेल्यांवर खटले चालवणारं हे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय १५६० साली गोव्यात बसलं, १७७४ साली बंद झालं, १७७८ साली पुन्हा सुरू झालं, आणि कायमचं उठलं ते १८१२ साली. आता वाड्याचा एक चिरासुद्धा दिसत नाही. पोराने बॅगेतून स्पीकर काढून ढोल आणि घंटांचा आवाज लावला. माझं डोकं उठलं. पण दोन मिनिटांत बॅटरी गेली, आणि फेरीतली सगळ्यात चांगली वीस मिनिटं तिथून पुढची.

स्पीकर मेल्यावर पोरगा साध्या आवाजात बोलायला लागला. शार्ल देलोन नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता. त्याला १६७३ साली दमणला पकडलं आणि पुढे इथे आणून कोंडलं. सुटल्यावर त्याने सगळं लिहून काढलं, ते १६८७ साली छापून आलं. कोठडी साधारण दहा फूट चौरस, भिंतींना चुना, उंचावर जाळीची खिडकी. जेवण वेळेवर यायचं. पण तोंडातून आवाज काढायचा नाही, रडायचंसुद्धा मोठ्याने नाही. आणि आपल्यावर आरोप काय, हे कुणी सांगायचं नाही. तू आठव आणि तूच कबूल कर!

मग त्याने चौघांच्या छत्र्या घेतल्या आणि गवतावर दहा बाय दहाचा चौकोन आखला. पुण्यातली एक मुलगी आत जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, "पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही." कोल्हापूरची मंडळी, सकाळपासून तोंड मिटलेलं नव्हतं, तीसुद्धा गप्प. तिसऱ्या मिनिटाला त्या मुलीने घड्याळ बघितलं, मग खाली बसली, मग छत्रीच्या दांड्याशी चाळा करायला लागली. बाहेर आली तेव्हा हसली, पण पुढचा अर्धा तास ती माझ्याशेजारून गुपचूप चालत होती. ह्या एका गोष्टीसाठी मी अठराशे रुपये पुन्हा देईन.

देलोनला १२ जानेवारी १६७६ रोजी अनवाणी मिरवत नेऊन शिक्षा सुनावली. तो वाचला. १६,००० वर खटले चाललेल्या ह्या घरातल्या बाकीच्यांचं काय, तर इथले बहुतेक कागद नष्ट झाले. आमच्या कंडक्टरांच्या भाषेत सांगायचं तर वेबिलच, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागदच, जाळला. मग गाडीत कोण होतं, कुठे उतरलं, कुणाला विचारणार?

ज्यांची नावं उरली त्यांच्यात गार्सिया द ओर्त. ह्याचं नाव पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला आहे. १५६३ साली त्याने इथल्या औषधी झाडपाल्यावरचं पुस्तक गोव्यातच छापलं. मूळचा ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती. १५६८ साली बिचारा आपल्या मरणाने मेला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. आणि १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. मेलेल्या माणसाला बारा वर्षांनी शिक्षा! त्या गार्डनच्या बाकावर बसून मी कित्येक दुपारी डबा खाल्ला आहे. बहिणीचं नाव परवा पहिल्यांदा कानावर आलं.

आता चुका. पोराने सांगितलं की तिसवाडीतली, म्हणजे जुन्या गोव्याच्या तालुक्यातली, देवळं इन्क्विझिशनने पाडली. मी हात वर केला. माशेलचा माणूस आहे, गप्प कसा बसणार? आमची देवता देवकीकृष्ण ह्याच तिसवाडीतल्या चोडणहून मयेमार्गे माशेलला आली, ही गोष्ट आम्हाला बाळपणापासून पाठ. तिसवाडीतली देवळं पाडली ती १५४० च्या सुमारास, इन्क्विझिशन वीस वर्षांनी आलं. दोन्ही वाईट, पण दोन वेगळ्या गाड्या आहेत, एका तिकिटात बसवू नयेत. पोरगा हसून म्हणाला, "काका, तुमी म्हजेपरस चड जाणात." (म्हणजे, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.) राग नाही, तोरा नाही. हा गुण मोठा.

दुसरी चूक जास्त खटकली. पणजीकडे येताना गाडीत त्याने दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावाची गोष्ट सांगितली. तिथल्या सोळा गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, पोर्तुगिजांनी बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार मारलं. एकजण नदीत उडी टाकून निसटला, पंधरा गेले. रंगवून सांगितलं, सगळे हळहळले. पण त्याआधी १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीत पाच जेझुइट पाद्री आणि त्यांच्या सोबतची माणसं मारली गेली होती, हे त्याने गाळलं. त्यातला रुदोल्फ आक्वाविवा तर अकबराच्या दरबारात राहून आलेला. देवळं पाडल्याचा राग खरा, गावकारांशी झालेला दगाही खरा. पण हेडकाउंट करायचा तर सगळ्यांचा करायचा, अर्ध्या सीट सोडून नाही.

पणजीत मुख्य पोस्टासमोर गाडी थांबली. पोर्तुगीज सत्ता उलथवायचा १७८७ चा पिंटोंचा कट फुटल्यावर ४७ जणांना धरलं आणि पुढच्या वर्षी पंधरा जणांना पणजीत चारचौघांत मारलं. ती शिक्षेची जागा म्हणजे पोस्टासमोरचा हा चौक, असं सांगतात. इथे पार्किंग मिळेना, म्हणून सगळं सात मिनिटांत उरकलं. ह्या पोस्टात मी मनीऑर्डरी केल्यात. एवढ्या घाईत उरकण्याजोगी ही जागा नव्हती.

कारण घाई होती जेवणाची. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाने अर्धा तास खाल्ला, आणि आम्ही पोचलो ओ कोकेरो रेस्टॉरंटला. इथे ६ एप्रिल १९८६ रोजी मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला पकडलं. तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तीनेक आठवड्यांपूर्वीच पळाला होता. झेंड्यांनी त्याला १९७१ सालीही मुंबईत धरलं होतं, त्यामुळे चेहरा ओळखीचा. ही गोष्ट पोराने फार झकास सांगितली. चिकन काफ्रेलही उत्तम, हिरवा मसाला हाडापर्यंत मुरलेला.

पण तिथे शोभराजचा पुतळा आहे, टेबलाशी बसलेला. आमचे दहाही जण फोटोला रांगेत. कोल्हापूरच्या काकूंनी तर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सत्तरच्या दशकात बँकॉक ते काठमांडू भटकणाऱ्या पोरापोरींना विष घालणारा हा माणूस. १९७५ साली काठमांडूत मारलेल्या एका अमेरिकन तरुणीसाठी २००४ साली जन्मठेप झाली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुटलाही. मी पोराला विचारलं, "बाब, त्या मुलीचं नाव काय?" त्याला सांगता येईना. मलाही येत नव्हतं, घरी येऊन शोधलं. फोटो काढायचे तर काढा, पण सकाळी छत्र्यांच्या चौकोनात गप्प उभे राहिलेले आपणच होतो, हे चार तासांत विसरायला झालं.

तरी जा. पावसाळा सोडून जा, टोपी न्या, आणि लहान मुलांना नेऊ नका. जुन्या गोव्याला चार तारे, पणजीला दोन, जेवणाला पाच. पुतळ्याचे तारे मी देत नाही.

परवा पोराचा मेसेज आला. "काका, पुढच्या रविवारपासून स्पीकर बंद, पोस्टासमोर अर्धा तास ठेवतो, आणि कुंकळ्ळीच्या पाद्रींचंही सांगतो. जेवण मात्र तिथंच ठेवावं लागतं. अर्धं बुकिंग त्या पुतळ्यावरच येतं."