प्रॉक्समॉक्सचा एचए क्लस्टर, अंबडच्या कारखान्यात वर्षभर वापरून

प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर, आणि एचए क्लस्टर म्हणजे जोडलेल्या सर्व्हरपैकी एक बसला तर त्याचं काम दुसऱ्याने उचलायची सोय. आधीच सांगतो, मी काही मोठा सिस्टिम ॲडमिन वगैरे नाही. अंबड एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात आहे. ईआरपी, टॅली, गेटपासचं सॉफ्टवेअर सगळं एकाच जुन्या सर्व्हरवर होतं, तो बसला की डिस्पॅचचे ट्रक गेटवर उभे आणि शेठचा फोन, आणि मी पंचवटीत राहतो म्हणजे द्वारकेच्या जाममधून अंबड गाठेपर्यंत काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको.

ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर (याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर) घेतल्यावर कायमचं लायसन्स मिळणं बंद झालं, त्यामुळे ते कोटेशन शेठनी बघून परतच दिलं. प्रॉक्समॉक्स डेबियनवर चालतं, फुकट डाऊनलोड होतं, सपोर्ट हवा तर सीपीयू सॉकेटप्रमाणे वर्षाचं सबस्क्रिप्शन. आम्ही घेतलं नाही, म्हणून लॉगिन केलं की पॉपअप येतो, तो बंद करायची बोटांना सवय झाली.

दोन सारखे सर्व्हर घेतले, एका व्हेंडरकडून बसवून घेतले (नाव देत नाही, माणूस वाईट नाही), एचए ऑन केलं, पेढे पण वाटले. आणि दीड महिन्यात एकाचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) उडाला. मी निवांत, म्हटलं दुसरा उचलेल. एक मिनिट झालं आणि दुसरा पण स्वतःहून रिस्टार्ट!! वर आला तरी एकही व्हीएम चालू होईना. म्हणजे एक सर्व्हर होता तेव्हा एकच बंद पडायचा, आता पैसे घालून दोन बंद पडले.

यात प्रॉक्समॉक्सची चूक नाही, सोसायटीच्या मीटिंगसारखं आहे ते, कोरम नाही तर ठराव नाही. दोन नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) म्हणजे दोन मतं, त्यातलं एक गेलं की उरलेलं एक मत निम्म्यापेक्षा जास्त होत नाही, मग त्या नोडला कळत नाही की समोरचा मेलाय की फक्त मधली वायर गेलीय, आणि दोघांनी एकच डेटाबेस चालवायला घेतला तर क्लस्टरचा दुतोंड्या मारुती होतो, दोन तोंडं दोन दिशांना (इंग्रजीत याला स्प्लिट ब्रेन म्हणतात, आपला शब्द जास्त चांगला आहे). म्हणून कोरम नसलेला नोड ६० सेकंद वाट बघतो आणि वॉचडॉग (पहारा देणारा टायमर) त्याला रिसेट मारतो. त्या दिवशी शेवटी टर्मिनलवर ‘पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १’ मारून त्याला जबरदस्ती समजावलं की तू एकटाच आहेस बाबा, मग व्हीएम उठले.

खरा इलाज तिसरं मत. व्हेंडर म्हणाला त्याच क्लस्टरमध्ये एका व्हीएमवर टाकू, म्हटलं दादा, घराला आग लागली तर बंब घरातच ठेवायचा का? स्टोअरमधल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन टाकून कोरोसिंकचा (नोडमध्ये निरोप पोचवणारा भाग) क्यूनेटडी, म्हणजे बाहेरून मत देणारी सर्व्हिस, बसवला, दोन्ही नोडवर क्यूडिव्हाइसचं पॅकेज टाकून सेटअपची एक कमांड, १५ मिनिटांत काम झालं. आता स्टेटसमध्ये ३ मतं दिसतात. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दीड महिना झोपेत होतो.

दुसरं म्हणजे नेटवर्क. रात्री बॅकअप सुरू झाला की मधूनच नोड रिबूट व्हायचा. कोरोसिंकला स्पीड फार लागत नाही पण उशीर अजिबात चालत नाही, ५ मिलिसेकंदांच्या आत निरोप पोचायला हवा, आणि बॅकअप त्याच केबलवरून चालला होता. दोन नोडमध्ये वेगळी केबल थेट टाकली, तेव्हापासून बंद.

आणि हे नीट समजून घ्या, फेलओव्हर म्हणजे व्हीएम दुसरीकडे पुन्हा बूट होतो, चालू राहत नाही. आमच्याकडे दोन-अडीच मिनिटं लागतात. शेअर्ड स्टोरेज (सगळ्या नोडना मिळून एकच साठा) नसेल, नुसतं झेडएफएस रेप्लिकेशन (डिस्कची कॉपी ठरावीक वेळाने दुसऱ्या नोडवर पाठवणं) असेल तर ते डीफॉल्टला दर १५ मिनिटांनी होतं, म्हणजे तेवढ्या एन्ट्र्या जाऊ शकतात. ईआरपीचं आम्ही २ मिनिटांवर आणलं. सेफला (Ceph, नोडच्या डिस्क जोडून बनवलेलं शेअर्ड स्टोरेज) किमान ३ नोड लागतात, ते आमच्या ऐपतीबाहेर.

मागच्या महिन्यात एका शनिवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, शेठनी स्वतः एका सर्व्हरची पॉवर केबल ओढली आणि घड्याळ बघत बसले. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत ईआरपीचं लॉगिन उघडलं, मग पाथर्डी फाट्यावर मिसळ त्यांच्याकडून.

पाच पैकी चार. एक कापला तो माझाच, दोन्ही नोड अजून एकाच यूपीएसवर आहेत. अंबड-सातपूरला कोणी दुसरा यूपीएस घेतला असेल तर कुठला घेतला ते सांगा, बॅटरी किती वर्षं टिकली ते पण.