लॉगफोरजे: क्लास उडवायचा की व्हर्जन बदलायचं?

सियागंजातल्या व्यापाऱ्याचं जुनं जावावालं बिलिंग सांभाळणाऱ्या एका मित्राने विचारलंय, की लॉगफोरजेचं (जावा प्रोग्रॅमचा लॉग, म्हणजे नोंदवही, लिहिणारी लायब्ररी) ते २०२१ चं भोक जारमधून (जावा कोडचं गाठोडं) जेएनडीआय-लुकअपवाला (नावावरून बाहेरच्या सर्व्हरवरून वस्तू शोधून आणणारा) क्लास काढून बुजवायचं की सरळ नवं व्हर्जन टाकायचं.

आधी आहे काय ते बघ. गडबड लॉगफोरजे-कोअरमध्ये (प्रत्यक्ष लॉग लिहिणाऱ्या जारमध्ये) आहे, २.० च्या बीटापासून २.१४.१ पर्यंत, नुसती एपीआयची जार असेल तर निवांत. ग्राहकाच्या नावाच्या खान्यात कोणी जेएनडीआय-एलडॅपवाली (बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता असलेली) ओळ घातली आणि सॉफ्टवेअरने ती लॉगमध्ये लिहायला घेतली की ते लिहिता लिहिता बाहेरच्या सर्व्हरकडे जातं आणि तिथून आलेला कोड चालवून बसतं. सीव्हीएसएस (भोक किती धोक्याचं ते मोजणारा) स्कोअर १० पैकी १०, उगाच नाही.

क्लास उडवणं सोपं, कंपाइल करायला नको, रीस्टार्ट केलं की झालं, लॉगफोरजे बनवणाऱ्या अपाचेनेही हा उपाय सांगितलेला आहे. सोर्स कोड हरवला असेल (इंदूरात बनवणारा पोरगा नोकरी मिळाली की पुण्याला पळतो, मग शोधत बसा) तर दुसरा रस्ताच नाही. पण फॅट जार असेल तर लॉगफोरजे दुसऱ्या जारच्या पोटात असतं, झिपची डिलीट कमांड वरच्यावर फिरून येते, आत काही होत नाही, आणि आपण समजतो झालं काम. शिवाय कोणी जुन्या बिल्डवरून परत डिप्लॉय केलं की क्लास पुन्हा हजर.

व्हर्जन बदलायचं तर २.१५ वर थांबू नको, ती दुरुस्ती अर्धवट निघाली. २.१६ ने जेएनडीआय बंद ठेवलं, २.१७.० ने सर्व्हर लटकवणारी भानगड मिटवली, २.१७.१ ने आणखी एक, म्हणून किमान तेच. त्याला जावा ८ हवं, जावा ७ वर अडकला असशील तर २.१२.४. टेस्टिंगला वेळ जातो, खरंय.

लुकअप बंद करणारं नो-लुकअप्सचं सेटिंग ट्रू करून झोपणारे पण भेटतात, ते अपुरं ठरलंय.

तपासताना लॉगफोरजेचं जुनं १.२ निघालं तर हे भोक त्यात नाही, पण ते २०१५ पासून बेवारस आहे, त्याजागी रीलोडफोरजे (१.२ चीच दुरुस्त केलेली आवृत्ती) टाक.

मी तर सोर्स असेल तर अपग्रेडच करेन. नसेल तर क्लास काढ आणि सर्व्हरवरून बाहेर जाणारं ट्रॅफिक पण अडव. फक्त २० तारखेच्या आसपास रीस्टार्ट करू नको, शेठजी जीएसटी भरत असतील.